साडेपाच कोयत्यांचा आंतरराष्ट्रीय सामना

रा. रा. अर्जुनराव पाव्हणे, मुक्काम नेकनूर, यांना धारूरकडच्या वरच्या वाडीहून उत्तरेश्वरचा रामराम.

आधी ताजी खबर. सोसायटीच्या निवडणुकीचा माझा अर्ज मंजूर झाला. छाननीच्या साहेबांनी काल चावडीत सगळ्यांदेखत सांगितलं, की आमचा तो सामना आंतरराष्ट्रीय नव्हता, त्याला सामना म्हणावं का याचीही त्यांना शंका आहे, आणि मी भारताचा नागरिक होतो व आहे. जीव भांड्यात पडला. तुमचा गुडघा कसा आहे? निरगुडीचा शेक सोडू नका. वहिनींना नमस्कार.

आता सविस्तर. गेल्या दुष्काळात टँकर वाडीकडे फिरकेना, तेव्हा गावानं ठराव केला की आम्ही स्वतंत्र देश. (साहेब लोक धावत येतील असा अंदाज होता. कोणी चालतही आलं नाही.) मागोमाग खालच्या वाडीनंही आमचाच ठराव उतरवून घेतला. दोन देश झाले म्हटल्यावर सीमा आली, आणि ती आली कोरड्या तलावाच्या मधोमध. टँकर आलाच तर आधी कोणत्या देशात, यावर भांडण पेटलं. हाणामारी करावी तर दोन्हीकडे सोयरीक. म्हणून साखर कारखान्याच्या क्रीडादिनातून उरलेल्या चेंडूवर, तलावाच्या तळाशी फुटबॉल खेळून निकाल लावायचं ठरलं.

संघ जमवणं मुकादम म्हणून माझ्याकडे आलं. अकरा माणसं पाहिजेत म्हणाले. मी जन्मभर ऊसतोडीची टोळी कोयत्यांत मोजलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी अर्धा. मी सवयीनं साडेपाच कोयते सांगून आलो, मी आणि भामाबाई धरून. (अर्धा म्हणजे धोंडीराम. त्याला गोलात उभा केला.) सामन्याला पाच बाया पदर खोचून उतरल्या तेव्हा हरकत येईल असं वाटलं होतं. पण समोरचा कप्तान मोहनराव, तोही मुकादमच. त्यानंही कोयतेच आणले होते.

मी मधोमध उभा राहून ओरडण्याचं काम सांभाळलं. सामन्यातला एकमेव गोल तुमच्या बहिणीनं, भामाबाईनं मारला. टँकर काही आला नाही, पण आम्ही जिंकलो.

त्या विजयावर मी नंतर बराच मिरवलो, हे खरं. लग्नात, मयतीत, कारखान्याच्या काट्यावर, जिथं ओळख सांगायची तिथं ‘आंतरराष्ट्रीय कप्तान’ सांगितलं. यंदा प्रचाराच्या पत्रकावरही तेच छापलं. माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या मोहनरावानं ते पत्रक साहेबांपुढं ठेवलं. म्हणाला, “ह्यो दुसऱ्या देशाकडून खेळलाय, साहेब. ह्याचं नागरिकत्व गेलं. मग सोसायटीत उभा राहातोय कावून?” (तो स्वतः कोणत्या देशाचा कप्तान होता, हे विचारायचं मला सुचलं नाही.)

मी हात जोडले. देश नव्हता, शिट्टी नव्हती, पंच म्हणून बसवलेल्या आश्रुबाला लांबचं दिसत नव्हतं, सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, गोल तरी झाला होता का? मी म्हणालो, “गोल कसला साहेब. दोन दगडं होती, त्यातनं चेंडू गेला.”

अर्ज मंजूर झाला. वळून पाहिलं तर दारात भामाबाई. “दगडं व्हती व्हय,” एवढंच म्हणाली आणि नेकनूरची एस.टी. धरली. पोचली असेलच.

बाकी सर्व खुशाल. रविवारी मतदान आहे. लोभ असू द्यावा.

आपला दाजी,
उत्तरेश्वर

ता. क. : तिला एवढंच समजवा, की साहेबांनी निकाल सामन्याचा दिला, गोलाचा नाही. गोल मला मान्य आहे. हे तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ती ऐकायची नाही.

आणखी ता. क. : त्या पाचही बाया सोसायटीच्या सभासद आहेत (संख्या वाढावी म्हणून मीच करून घेतल्या), हे मला निकालानंतर आठवलं. त्यातल्या साखराबाईचा निरोप आला आहे : “भामाक्का सांगंल तिकडं आमी.”

शेवटचा ता. क. : भामाबाई शनिवारच्या संध्याकाळच्या गाडीनं मतदानाला येणार आहे म्हणे. मोहनरावानं स्टँडवर हलगी सांगून ठेवली आहे, आणि कापडी फलकही रंगवून घेतला आहे : ‘आंतरराष्ट्रीय खेळाडू भामाबाई यांचे हार्दिक स्वागत’.