माझ्या नावाचा नेचा

ती. होर्तेन्सियाताईस,

धाकट्या बेलिसारिओचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? कीटोच्या थंडीत लोकरी मोजे घालत जा. इकडे सगळे ठणठणीत आहेत, माझी अब्रू तेवढी आजारी आहे.

तुझ्या कानावर आलंच असेल (सगळ्या गावाला मीच सांगितलं), की आमच्या मक्यामागच्या उतारावरचा नेचा जगात आणखी कुठे सापडलेलाच नाही. हो, जन्मभर तण म्हणून उपटला, तोच! असं डॉक्टर ओव्हिडिओ म्हणाले. (हे डॉक्टर नाडी बघत नाहीत, पानं उलटी करून ठिपके बघतात.) म्हणाले, "बेलिसारिओ, याला तुमचंच नाव देतो. लॅटिनमध्ये, कायमचं. शनिवारी येऊन ठिपक्यांचं एक रोप घेतो. ते वाळवून संग्रहालयात ठेवावं लागतं, नमुन्याशिवाय नाव नाही." ताई, खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. आपल्या घराण्यात थडगं सोडून कशावर कुणाचं नाव लागलंय?

आता एवढा मोठा माणूस येणार आणि वाट ही अशी! मी मिंगा बोलावली. अख्खं गाव कोयते घेऊन फुकट राबायला आलं. मी अंगणात सगळ्यांसाठी मक्याची आंबवलेली चिचा ओतत होतो (चवही कुणीतरी बघायला हवीच). संध्याकाळी जाऊन पाहतो तर उतार न्हाव्याने भादरल्यासारखा. नेचा औषधालाही नाही! शेजारची सोइला वर मलाच म्हणते, "अहो, तण पार मुळासकट काढलंय. तुमच्या गिनीपिगांना घातलं. काय मिटक्या मारत होते मेले!"

शनिवारी डॉक्टर आले. बायकोने तेच गिनीपिग भाजले होते. डॉक्टरांनी दोन खाल्ले, बोटं चाटली आणि म्हणाले, "चला, नेचा दाखवा." मी घाईने त्यांच्या ताटात तिसरा वाढायला गेलो. बायकोच म्हणाली, "आत्ताच खाल्लात की!" डॉक्टर हसले नाहीत. महिनाअखेरपर्यंत एक तरी रोप शोधा म्हणून गेले.

असो. मला नावाची हाव नाही, तू ओळखतेसच.

तुझा,
बेलिसारिओ

ता.क. गेल्या ईस्टरला तू कुंडीत लावायला त्यातलंच एक रोप नेलं होतंस. जगलंय ना? मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून मंगळवारच्या बसने पाठव. ताई, पाया पडतो.

आणखी ता.क. डॉक्टर आता म्हणतात, ज्याने हा नेचा जगवला त्याचंच नाव देणार. तेव्हा कुणी विचारलंच तर सांग, की रोज नऊ तास बसने येऊन पाणी मीच घालत होतो.