गल्लीभर एकच नंबर

ता. ४ मार्च

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहेत. फोन करत नाही, कारण फोन मी बंद करून रजयांच्या ट्रंकेत तळाशी घातला आहे. तुझ्या दुकानाने माझं डोकं उठवलंय. सकाळी डोळा उघडायच्या आत वाजतो टुण्, कुत्र्याच्या खाण्यावर सूट. पुन्हा टुण्, दाढीची पाती दोनावर एक. परवा तर कहर झाला. बाळाला सहावा महिना लागला ना, मग आता पुढच्या मापाचे लंगोट घ्या, असा मेसेज! मी अडुसष्ट वर्षांची बाई. चष्मा पुसून दोनदा वाचला आणि चूक केली ती नातीला दाखवला. मला काका झाला की आत्या, असं विचारत ती दोन दिवस घरभर नाचत होती.

अरे, मला कुत्रा नाही, दाढी नाही, आणि बाळ तर नाहीच नाही. तू त्या कंपनीच्या मोठ्या कचेरीत बसतोस. गिऱ्हाइकांची माहिती चाळणारं सॉफ्टवेअर तुझ्याच हाताखाली चालतं, असं दर पत्रात मिरवतोस. शाळेत गणितात भोपळा आणणारा माझा भाऊ आज लाखो माणसं मोजतो, याचं मला कौतुकच आहे. पण त्यातून एक बहीण तेवढी वजा कर की!

बाकी ठीक. चिरंजीव अजून बोटीवरच आहेत. सूनबाई तुमच्या इथल्या शाखेत गल्ल्यावर बसते, ते तुला माहीत आहेच. मी खिडकीशी शिवणयंत्र मांडून असते. चेन बदलणं, उंची कमी करणं असं काहीबाही चालू असतं. समोर दुकानाचं दार दिसतं, येणारे-जाणारे दिसतात, वेळ जातो. मी मजेत आहे.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई


ता. १४ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसलो. मग तुझं खातं उघडलं आणि हसू पळालं. खरं सांगू? तुझं खातं मी अधूनमधून बघतच असतो. नियमात बसत नाही, पण बघतो. रोज खरेदी दिसायची. म्हटलं, वा, ताई ठणठणीत आहे, तुरुतुरु दुकानात जातेय, म्हणजे काळजी नाही. काय घेतेस ते मात्र कधी वाचलं नव्हतं.

आता वाचलं. एका सकाळी सात वेळा दूध. एकाच मिनिटाला तू दोन गल्ल्यांवर उभी. ताई, अख्खी गल्ली बिलावर तुझा फोन नंबर सांगतेय! गल्ल्यावर नंबर विचारला की आपला सांगावा, एवढी साधी गोष्ट लोकांना जमू नये? आणि आपली सूनबाई मुकाट्याने तोच दाबते?

हे चेष्टेवारी नेऊ नकोस, पुढचं नीट वाच. आमचं यंत्र नुसती विक्री बघत नाही. शाखेला नियमित गिऱ्हाइकं किती, ते बघतं. तुमच्या शाखेला त्याच्या लेखी गिऱ्हाईक एकच, आणि ते हत्तीसारखं खातं. त्यामुळे शाखा बंद करायच्या यादीत गेली आहे. जूनअखेर कुलूप. सूनबाईची बदली होईल ती इकडे, पाच तासांच्या वाटेवर, आणि नात काही आईला सोडून राहायची नाही. तू तिथे एकटी पडशील.

हे तुला सांगण्याची मला परवानगी नव्हती. सांगितलंय, तर कामाला लाग. ज्याने त्याने आपापला नंबर सांगायचा, आजपासून.

तुझा वैतागलेला,
भोपळ्या


ता. २५ मार्च

चि. भोपळ्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सूनबाई आणि नात गेल्या तर या घरात मी भिंतींशी बोलू काय? तिला अजून काही कळू दिलेलं नाही. पण कामाला लागले.

सगळ्यांना वर बोलावून घेतलं. इस्त्रीवाला, सलूनवाला, पलीकडची कुत्रेवाली बाई, कोपऱ्यावरचं नवं बाळ असलेलं जोडपं. चांगली तासभर हजेरी घेतली. माझा नंबर म्हणजे काय गल्लीतला नळ आहे, आला तो भांडं लावून गेला? सगळे माना खाली घालून उभे. इस्त्रीवाला म्हणाला, तुमच्या नावावर लागलं तर आमचं काय जातं. मी म्हटलं, तुझं जात नाही रे, माझी सून जाते! तिला यातलं काही सांगायचं नाही, असं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. सोमवारपासून जो तो आपला नंबर सांगतो. पहिल्याच दिवशी सलूनवाल्याला केस उगवायच्या तेलाची जाहिरात आली. त्याला टक्कल आहे हे यंत्राला कोणी सांगितलं, म्हणून तो अजून घुमसतो आहे.

सूनबाई मात्र माझ्यावरच रुसली. आई, हे करायला नको होतं, एवढंच म्हणाली आणि भांडी आपटत बसली. आता तिचं भलं करायला गेले, तर तीच रुसते. तुम्हां आजकालच्या लोकांपुढे मी हात टेकले.

फोन ट्रंकेतून काढला. एकदम गप्प आहे. आता झालं ना तुझ्या मनासारखं? शाखा यादीतून निघाली की लगेच कळव.

वाट पाहणारी,
ताई


ता. २० एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

कोणत्या तोंडाने लिहू! आगीतून फुफाट्यात पडलो आहोत. यंत्राने काय निष्कर्ष काढला माहीत आहे? या शाखेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक रातोरात तुटलं! आणि तुझी इस्त्रीवाला-सलूनवाला मंडळी नवी, म्हणून तीन महिने ती नियमित धरत नाहीत. शाखा यादीत खाली जायची ती वरच चढली. जूनअखेर नाही, आता मेअखेर.

साहेबांकडे जाऊन डोकं आपटलं. म्हटलं, तुटलेलं गिऱ्हाईक माझी सख्खी बहीण आहे, तिसऱ्या मजल्यावर बसून कपडे शिवतेय. साहेब म्हणाले, यंत्राला बहीण नसते. हे यंत्र मीच सहा वर्षं वाढवलं, ताई. आज त्याला लाथ घालावीशी वाटते.

आणि तुझाही रागच आला आहे. मी गल्लीला थांबायला सांगितलं होतं, तुला नव्हे. तुझं खातं उघडलं तर कोरं. महिनाभरात एक दुधाची पिशवीसुद्धा नाही. तुझा रोजचा आकडा बघून मी निर्धास्त असायचो, आता ती कोरी पाटी दिवसातून दहादा उघडून बघतो. माझ्यावर रुसून दुकानात जायची सोडलीस का? हट्ट पुरे. पूर्वीसारखी रोज जा, काहीतरी घे. तेवढाच शाखेला आधार.

तुझा,
भोपळ्या


ता. २७ एप्रिल

ति. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलता येत नाही, दोन खोल्यांच्या घरात आईंना सगळं ऐकू जातं. तुमचं पत्र त्यांनी वाचलं, घडी करून उशीखाली ठेवलं, आणि दिवसभर शिवणयंत्राला हात लावला नाही. संध्याकाळी मला ते वाचायला दिलं, बदलीचं सगळं सांगितलं आणि रडल्या. म्हणून त्यांची शपथ मोडून लिहिते आहे.

मामा, आई दुकानात जायच्या थांबल्या नाहीत. त्या जातच नव्हत्या. गुडघ्यांमुळे गेल्या हिवाळ्याच्या आधीपासून त्या जिना उतरलेल्या नाहीत. तुम्हाला आणि यांना कळवायचं नाही, अशी मला ताकीद होती. तुम्ही पत्रात प्रकृती विचारता, त्या मजेत आहे असं लिहितात, आणि पत्र पेटीत टाकायला मी जाते.

गल्लीतले लोक आळशी नाहीत. आई कोणाकडून फुकट काही घेणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून इस्त्रीवाल्याने प्रथम त्यांचा नंबर सांगायला सुरुवात केली. त्या नंबरावर पॉइंट जमतात. त्यातून मी त्यांचं दूध, गुडघ्याचं मलम, दोऱ्याची रिळं वर नेत असे. हे एवढं कशाला आणतेस म्हणून त्या मला रागवायच्या. त्यांना अजूनही वाटतं, मी पगारातून आणते. आता मी पगारातूनच आणते, माझ्या नंबरावर. म्हणून त्यांची पाटी कोरी.

राग मानू नका, पण मलाही राग आला आहे. तुम्ही त्यांचं खातं बघत होता. या घराचा जिना तुम्ही शेवटचा कधी चढलात? बदली झाली तर त्यांना मी घेऊन जाईन, पण आधी त्यांना खाली कसं उतरवायचं ते येऊन सांगा.

लहान तोंडी मोठा घास घेतला, सांभाळून घ्या.
आपली भाचेसून


ता. ३० एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

शनिवारी येतो. मजेत आहे असं उलट टपाली कळवू नकोस.

भोपळ्या


ता. १८ जून

चि. भोपळ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी आठ दिवसांची रजा माझ्या गुडघ्यांत गेली. डॉक्टरला वर आणलंस, सुताराला बोलावून जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावलास, इस्त्रीवाल्यापुढे हात जोडून उभा राहिलास. सगळं खरं. पण पहिल्या दिवशी दारात उभा राहून माझ्याकडे बघून लहान पोरासारखा हुंदके देत सुटलास, ते नातीने साऱ्या गल्लीला करून दाखवलं आहे. आता भोगा.

मलाही बोलून घेऊ दे. मी लपवलं, ते चुकलंच. पण पत्रात सगळेच मजेत असतात रे. आणि सूनबाईने मला पॉइंटांचं सांगितलं तेव्हा लाजेने मेल्यासारखं झालं. माझा नंबर काय नळ आहे, असं खडसावलं होतं मी त्यांना! दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याच्या सदऱ्याची विरलेली कॉलर उलटून शिवून दिली, पैसे घेतले नाहीत.

तुझ्या साहेबांना गल्लीची कणव नाही, पण एका नंबरामागची सगळी माणसं तू मोजून दाखवलीस तेव्हा आपला आकडा चुकला, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागलेली दिसते. शाखा वर्षअखेरपर्यंत ठेवून पुन्हा मोजणार, सूनबाईची बदली तोवर थांबली, असं कागदावर आलं. पुढचं पुढे बघू. यंत्राच्या नावाने बोटं मोडणं मी चालूच ठेवते.

आता खरी बातमी. काल मी खाली उतरले. एकेक पायरी, कठडा धरून, मागे नात. दुकानात गेले आणि सुयांचं एक पाकीट घेतलं. गल्ल्यावर सूनबाई. तिला नियमाप्रमाणे विचारावंच लागतं, तसं तिने मान खाली घालून विचारलं, नंबर? आणि मला माझा नंबर आठवेना! इतक्या महिन्यांत तो सांगायची वेळच आली नव्हती, विसरलेच होते. मी आपली उभी, तोंडाने पुटपुटत. तेवढ्यात मागच्या रांगेतून सलूनवाल्याने, कुत्रेवाल्या बाईने, बाळाला कडेवर घेतलेल्या त्या मुलीने, सगळ्यांनी एका सुरात दहाच्या दहा आकडे म्हणून दाखवले. सूनबाईला बटणं दिसेनात, मलाही पाकीट दिसेना.

तर तुझ्या त्या कोऱ्या पाटीवर आता सुयांचं एक पाकीट दिसेल. ते मी घेतलं आहे. मी, स्वतः.

लोभ आहेच. तो यंत्रात शोधू नकोस, महिन्याला एकदा जिना चढून ये.
तुझी ताई