तांबेऱ्याच्या आरोपातून मयत पतीस मुक्त करणेबाबत

प्रति,
मा. जिल्हा कृषी अधिकारी,
जिल्हा कृषी कार्यालय, किलिमांजारो पर्वत विभाग

विषय : कॉफीवरील तांबेरा कै. एलियाकुंडा उरिओ यांच्यामुळे आलेला नाही, असा लेखी दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : आपले साहाय्यक श्री. शिरिमा यांनी आमच्या बागेस दिलेली भेट.

महोदय,

मी, खाली सही करणारी आइकांडे उरिओ, किरेमा गावाची रहिवासी असून माझे पती एलियाकुंडा मागच्या वर्षी छातीच्या दुखण्याने वारले. रीतीप्रमाणे त्यांना घराशेजारच्या बागेतच, केळी आणि कॉफीच्या मध्ये पुरले. माझे माहेर डोंगराखालचे म्बोरेनी. तिथली कॉफी मी लहान असतानाच तांबेऱ्याने गेली. आता तिथे मका होतो. किरेमात मात्र हा रोग कोणी पाहिला नव्हता. इथली थंडी त्याला वर चढू देत नाही, असे माझे सासरे म्हणत. तरीही खालचा रोग माझ्यासोबत वर येऊ नये म्हणून लग्नाच्या दिवशी त्यांनी माझे कपडे ओढ्यापलीकडे झटकून घेतले होते.

पतींच्या निधनानंतरच्या पावसाळ्यात त्यांच्या थडग्यालगतची झाडे प्रथम बिघडली. पान उलटले की खाली नारिंगी पूड दिसे आणि बोटांना लागे. पुढे पाने गळून फांद्या उघड्या पडल्या. सासूबाई पहाटे उठून थडग्यावर हात ठेवू लागल्या. एकदा मला हाक मारून म्हणाल्या, "हात लाव गं. माती कोमट लागते की नाही, सांग." लागत होती. बाजूची मातीही तशीच कोमट होती, हे मी त्यांना दाखवले. त्यांनी बाजूला हात लावला नाही. माझ्या पतींच्या थडग्यातून ऊब येते आणि तीच झाडांना रोग देते, असे गावात बोलले जाऊ लागले.

आपले साहाय्यक श्री. शिरिमा माझ्याच विनंतीवरून आले, याबद्दल मी आभारी आहे. त्यांनी केळीच्या बुंध्याला तापमापक टांगला, पाने तपासली आणि जमलेल्या माणसांना समजावून सांगितले. ते म्हणाले, "ही पूड वाऱ्याबरोबर पूर्वीही वर येतच होती. गार रात्रीत ती पानावर रुजत नव्हती, एवढंच. आता रात्री तेवढ्या गार होत नाहीत. पान ओलं राहिलं आणि हवेला ऊब असली की ती आत शिरते."

माझे धाकटे दीर न्डेलिलिओ यांनी विचारले, "म्हणजे ऊब आली म्हणून रोग आला?"

"होय."

"आणि ऊब आहे, हे तुमच्या यंत्रात दिसतं?"

"दिसतं. पण ती सगळ्या डोंगरावर…"

दीर लोकांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना? आपण उगाच म्हणत नव्हतो."

श्री. शिरिमा यांचा यात काहीही दोष नाही. ते पुढेही बराच वेळ बोलत होते. पण ते परतले त्या आठवड्यातच भाऊबंदांनी थडगे उकरले. हाडे घोंगडीत बांधून म्बोरेनीला नेली आणि माझ्या भावाच्या मक्याच्या कडेला पुरली. दीर मला म्हणाले, "वहिनी, जिथून हे आलं तिथं त्याला ठेवलं. राग मानू नका." महोदय, माझ्या पतींना खालचा उकाडा कधीच सोसला नाही. सासुरवाडीला जेवायला आले तरी ताट संपताच ते उठत आणि माझा भाऊ त्यावरून त्यांची थट्टा करी.

थडग्याचा खड्डा बागेत उघडाच राहिला. तो बुजवायला कोणी पुढे आले नाही. रोग मात्र थांबला नाही. तो आमचा बांध ओलांडून दिरांच्या बागेत शिरला, मग त्यांच्याही वर, जंगलाला लागून असलेल्या शेवटच्या कॉफीपर्यंत गेला. तिथे आमच्या घरातले कोणी पुरलेले नाही.

तेव्हा दीर इसालेच्या पानाची गाठ हातात घेऊन माझ्या दारी आले. आमच्यात ते पान घेऊन आलेल्याला माफी नाकारता येत नाही. मी नाकारली नाही, फक्त म्हटले, "मग त्यांना घरी आणा." त्यांनी पानाची गाठ माझ्या उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाले, "मला पटलंय, वहिनी. पण लोक विचारतील, आता कशावरून तो निर्दोष? एका साहेबाच्या तोंडून ऐकून आम्ही त्याला बाहेर काढलं. आता साहेबाच्याच सहीचा कागद आणा. मी स्वतःच्या खांद्यावर त्याला वर आणीन."

पुढील मजकूर आपल्यापुरताच असावा, नोंदीस घेऊ नये, ही विनंती. अलीकडे संध्याकाळी धुके उतरले की ओढ्यापलीकडे एक माणूस उभा दिसतो. तो घाम पुसतो, वर पाहतो, पण ओढा ओलांडत नाही. मी हे गावात कोणाला सांगितलेले नाही. सांगितले तर लोक म्हणतील, तोच चढतो आणि तोच घेऊन येतो. म्हणून मी हाकही मारत नाही.

माणसांच्या हाडांशी आपल्या खात्याचा संबंध नाही, याची मला जाणीव आहे. परंतु रोगाशी आहे. करिता वरील दाखला कै. एलियाकुंडा यांच्या नावाने द्यावा. मयत व्यक्तीच्या नावे दाखला देण्याची तरतूद नसल्यास, तांबेरा उबदार हवेने रुजला एवढे लिहिले तरी चालेल. तेवढ्याने गावाचे समाधान होणार नाही आणि कागदावर कोणाचे तरी नाव हवेच, असे आपणास वाटल्यास माझे घालावे. मी म्बोरेनीची आहे. लोकांना ते लगेच पटेल. मी खाली जाऊन राहीन. त्यांना मात्र वर येऊ द्यावे.

आपल्या सहीच्या प्रतीक्षेत,
आइकांडे उरिओ
किरेमा, दि. १४ जुलै २०१९

सोबत : जंगलाकडच्या शेवटच्या झाडाची पाने, बंद पाकिटात. कार्यालयाच्या आवारात कॉफी असल्यास पाकीट तिथे उघडू नये.