काचेतल्या समुद्राचं पाणी

आबा, तुमच्या त्या टाकीबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही, आईशीसुद्धा नाही. पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. पंधरा वर्षं नौदलात काढून तुम्ही उंब्रजला परत आलात, उसाला पाणी पाजू लागलात, पण समुद्र काही तुमच्या डोक्यातून जाईना. मग कराडच्या काचवाल्याकडून लोखंडी चौकटीची टाकी करून आणलीत आणि सोप्यात मांडलीत. चिपळूणकडून मासळी घेऊन येणारा ट्रकवाला तुमचा जिगरी दोस्त. त्याच्याकरवी दुधाच्या कॅनमधून समुद्राचं पाणी आणि काळ्या पट्ट्यांचे पाच जिवंत मासे मागवलेत. सगळी गल्ली बघायला लोटली. धाकटे चुलते म्हणाले, "आवं दादा, मासं कालवणात घालायचं सोडून काचंत घालत्यात व्हय?" तुम्ही खो खो हसलात. तुम्हाला तसं हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

हवेची छोटी मोटार तुम्ही मुंबईहून आणली होती, पण आपल्याकडची वीज म्हणजे मनाची राणी. ती गेली की बुडबुडे थांबत आणि मासे वर येऊन आ वासत. मग सायकलच्या पंपानं नळीतून हवा मारत बसावं लागे. भाऊ फौजेत, तुम्ही आणि आई रानात, आणि मॅट्रिक होऊन घरात बसलेली मी. "पोरगी घरातच हाय की," असं म्हणून तुम्ही पंप माझ्या हातात दिलात, तो पुढं कुणी काढून घेतलाच नाही. वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मी मैत्रिणीच्या लग्नाला कोरेगावला गेले नाही. नदीवर धुणं धुवायलासुद्धा जायची चोरी. "पाच मासं आनि सहावी तू," असं आई थट्टेनं म्हणायची आणि मला रडू यायचं. सांगलीत विश्रामबागेला राहणाऱ्या मावशीनं तिथल्या नर्सिंगचा फॉर्म भरून दिला होता. मी त्याच्या उत्तराची वाट बघत पंप मारत होते.

दिवसभर समोर बसून मला ते मासे माणसांसारखे ओळखू यायला लागले. शिमग्याच्या सुमाराला ते बिघडले. मोटार चालू असतानाही कल्ले भराभर हलायचे, अंगावरचे पट्टे फिके पडले, सगळ्यांत धीट होता तो दगडामागून बाहेर येईना. तुमचा उपाय एकच. टाकीतलं पाणी उन्हानं बोटभर खाली गेलं की कॅन उचलायचा आणि समुद्राचं पाणी भरायचं. त्याच आठवड्यात चुलीवरची आमटी आटून खारट झाली आणि आईनं तिच्यात तांब्याभर पाणी ओतलं. "पानी जातंय वाफंनं, मीठ कुठं जातंय?" ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी धावत सोप्यात आले. तुम्ही कॅन रिकामा करत होता. मी म्हटलं, "आबा, मीठ आतच साठत चाललंय, यात साधं पानी घालायला पायजे." तुम्ही मागं वळून माझ्याकडं बघितलंत. "दर्याच्या माशाला हिरीचं पानी? मारतीस का काय त्यास्नी? मी दर्यावर पंधरा वर्सं काढली, तू चूल सोडून काय बघितलंयस?" मला इतका राग आला होता, आबा, की आज लिहितानाही तो गेलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही रानात गेलात की मी टाकीतलं एक तांब्या पाणी काढायची आणि विहिरीचं एक तांब्या घालायची. पुढं तर पाणी जेवढं आटेल तेवढं विहिरीचंच. पंधरा दिवसांत मासे दगडामागून बाहेर आले, पीठ टाकलं की अंगावर धावायला लागले. तुम्ही गावभर सांगत सुटलात की कराडची काच चांगली, पाणी आटतच नाही.

मग उन्हाळ्यात सांगलीचं पत्र आलं. माझी निवड झाली होती. तुम्ही ते दोनदा वाचलंत, घडी केलीत आणि टाकीकडं बघत म्हणालात, "जायचं खरं, पन मासं कोन बघंल?" बस्स, एवढंच. त्या दिवसापासून मी विहिरीचं पाणी घालायचं बंद केलं.

पाणी पुन्हा आटायला लागलं, तुमचे कॅन पुन्हा सुरू झाले. मी पंप मात्र इमानानं मारत राहिले. महिनाभरात चार मासे गेले. तो धीट मासा शेवटचा उरला. तुम्ही तीन दिवस रानात गेला नाहीत, पंपही तुम्हीच मारलात. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मला हाक मारलीत. डोळे लाल झाले होते. आयुष्यात पहिल्यांदाच तुम्ही मला विचारलंत, "पोरी, तू रोज बघतीस त्यास्नी. काय करू म्या? सांग की." पाण्याचा हंडा तिथंच, दाराशी भरलेला होता.

मी म्हणाले, "मला काय कळत न्हाई, आबा."

संध्याकाळी तो मेला. ट्रकवाल्यानं घाण पाणी दिलं म्हणून तुम्ही त्याच्याशी कायमचं बोलणं तोडलंत, आणि चार दिवसांनी मला म्हणालात, "जा तू सांगलीला. हितं आता काय ऱ्हायलंय?" मी गेले. तीस वर्षं वॉर्डात काढली, चांगलं नाव कमावलं. पेशंटजवळ बसलेलं कुणीही "काय करू, सिस्टर?" असं विचारायचं तेव्हा मी हातातलं काम टाकून उत्तर द्यायची. सगळ्यांना वाटायचं, बाई मायाळू आहे.

तुमचा तो दोस्त तुमच्या मयतीला आला होता, पण आत न येता दाराबाहेरच उभा राहिला. तेव्हाही मी त्याला काही सांगितलं नाही. आता तोही नाही, आणि हे पत्र टाकायला कुठला पत्ता नाही. पुन्हा तीच दुपार आली, तुम्ही तसंच विचारलंत, तरी मी तेच उत्तर देईन, आबा. मला तिथून सुटायचं होतं.