पालखीच्या दिवशीची मोजणी

प्रिय प्रविण,

आशीर्वाद मागाहून देईन, आधी पत्र पुरतं वाच. फोन केला की तू ‘ताई, मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस आणि मग तुझा फोन काही येत नाय. म्हणून कागद घेतला. कागद मधेच कट करता येत नाय.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा तसाच आहे, जीभ मात्र ठणठणीत. आणि तुझी ती विजेवरची हिरवी बस पण ठणठणीत आहे हो! रोज सकाळी आपल्या उंबरफाट्यावरून जाते. थांबत नाय, नुसती जाते. तू आम्हां सगळ्यांच्या मोबाईलात ॲप घालून दिलंस ना, त्यात बस कुठवर आली ते दिसतं. आम्ही बायका त्या सहा सीटच्या मिनिडोर रिक्षाची वाट बघत छत्र्या धरून उभ्या असतो आणि त्या ठिपक्याकडे बघतो. ठिपका रोह्याहून निघाला, पुलावर आला, आला आला, आणि सर्रकन पुढे. आत एसी, आत कॅमेरे, अर्ध्या सीटा रिकाम्या. आमच्या साड्यांवर चिखल. ही कसली रे मेली सुधारणा?

बस सुरू झाली त्या दिवशी तू रोह्यात स्टेजवर होतास. शहरात जे मिळतं तेच आता गावाला मिळणार, असं माईकवर बोललास. मी पुढच्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, माझा भाऊ म्हणून. नवी आली म्हणून सकाळची जुनी गाडी बंद झाली, आणि नवीच्या थांब्यांत आपला फाटाच नाय. हे आम्हांला दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उभं राहून कळलं.

आदिवासीवाडीतली पारी तुला आठवते ना? मी कामाला जायचे त्याच जुन्या गाडीने पेणला रानभाजी घेऊन यायची. तिने त्या दिवशी नेहमीसारखा हात दाखवला आणि रस्त्यात पुढे झाली, गाडी थांबणारच म्हणून. ड्रायव्हरने असा हॉर्न मारला की बिचारी टोपलीसकट मागे पडली. लागलं नाय फारसं, पण घाबरली. आता पेणला जातच नाय. फाट्यावर बसते, आणि गाडीवाले अर्धी काच खाली करून तिच्याशी घासाघीस करतात.

माझं ऐक. मी मिनिडोरने नागोठण्यापर्यंत जाते, तिथून दुसरी पकडून पेण. ती भरल्याशिवाय हलत नाय, आणि भरली की आपला हात कुठे नि पाय कुठे! कारखान्यात आता गणपतींच्या डोळ्यांची आखणी चालू आहे. त्याला हात निवांत लागतो, हे तुला मी सांगायला नको. लहानपणी माझ्याशेजारी बसून तू श्वास धरून बघायचास. परवा धापा टाकत पोचले, ब्रश घेतला आणि एका मूर्तीचं बुबुळ तिरकं गेलं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं रे. मालक विठूशेठ ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी ती मूर्ती उचलली आणि गुपचूप माझ्या हाताखालच्या नम्रताच्या पुढ्यात ठेवली. संध्याकाळी म्हणाले, महिनाअखेरीपर्यंत वेळेवर यायचं जमव, नायतर तुझ्या जागेवर तिला बसवतो. त्यांचं तरी काय चुकलं? बाबा गेल्यावर हे घर त्याच जागेवर चाललं, तुझं इंजिनिअरिंगही मी तिथेच बसून पुरं केलं. हे मी कधी बोलले नव्हते. आज बोलते, कारण आज डोकं फिरलंय.

सरपंच जितेश तुमच्या बसच्या ऑफिसात जाऊन आला. तिथे त्याला सांगितलं, थांबे ठरवायला आम्ही माणसांची मोजणी केली होती, उंबरफाट्यावर सकाळी माणूसच नसतं. गावात सगळे चक्रावले. मी नाय चक्रावले. मला मोजणीचा दिवस माहीत होता. गेल्या दसऱ्याचा दुसरा दिवस! धावीर महाराजांची पालखी! त्या दिवशी सगळा गाव पहाटेच रोह्यात, फाट्यावर कुत्रंसुद्धा नसतं. तूच आत्याकडे जेवताना हसत हसत सांगितलंस ना, की सुट्टी मिळेना म्हणून मोजणीच पालखीच्या दिवशी लावून घेतली, माणसं फाट्यांवर बसवली आणि आपण आलो पालखीला खांदा द्यायला? आम्हीही हसलो. मला तर कौतुक वाटलं, साहेब झाला तरी पोरगा पालखी चुकवत नाय. अरे शहाण्या, पालखी गाठलीस आणि गाव घालवलंस! मी त्या दिवशी तुझ्याच शेजारी उभी होते. मग फाट्यावर मला कोण मोजणार होतं?

पुढल्या बुधवारी ग्रामसभा आहे. मोजणीत हे शून्य आलं कुठून, ते जितेश सगळ्यांना विचारणार आहे. आई म्हणते, “गप ऱ्हा गो, पोराची नोकरी हाय.” तिच्यासाठी आणि तुझ्यासाठी मी आजवर गप राहिले. पण काम माझंही हाय, पारीचंही हाय. बुधवारी मी उभी राहणार आणि सगळं सांगणार, तुझं नाव घेऊन. त्याआधी तू स्वतः साहेबांना सांगितलंस तर माझ्या तोंडून तुझं नाव निघणार नाय. तेवढ्यासाठी हे पत्र लिहिलं. आणि पुन्हा मोजणी लावाल तेव्हा साध्या दिवशी लावा, आणि दुसऱ्या कुणाला बसवू नकोस, तू ये. भाकरी मी बांधून आणते. सकाळी उंबराखाली उभा राहा आणि एकेक माणूस मोज. माझ्यापासून सुरू कर. आशीर्वाद तिथेच देईन.

रागावलेली, तरी तुझीच,
दर्शनाताई