भिंत बंद करण्याआधी

दि. ९, मंगळवार

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कागदावर मला सुचत नाही. चौथीनंतर शाळेत टिकलो असतो तर बरं झालं असतं. इकडे आम्ही दोघं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, त्याहून जास्त ही.

कारण बाथरूम फोडलंय. खालच्यांकडे पाणी गळत होतं. म्हटलं, फोडलंच आहे तर नीट करून घेऊ. सध्या अंघोळीला शेजाऱ्यांकडे जातो.

ताई, टाइल कोरडी असताना एक असते, ओली झाली की भलतीच, हे तुला ठाऊक होतं? मी दुकानात बाटलीतलं पाणी ओतून, चपला काढून एकेकीवर उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, "आजोबा, टाइल घ्यायचीय की पोहायचंय?" शेवटी खडबडीत घेतली. जमीन गडद, भिंती फिक्या, म्हणजे नजर कमी असली तरी जमीन कुठे संपली ते कळतं. नळ कोपराने ढकलला तरी उघडेल असा. उंबरा काढला. आता पाणी बाहेर येईल या काळजीने झोप नाही. मिस्त्रीने उतार दिलाय, तरी मी गोटी सोडून बघत बसतो.

काल मिस्त्रीने विचारलं, "काका, तुम्ही तर ठणठणीत. बसून अंघोळ करायला हा कट्टा कुणासाठी?"

"म्हातारपण काय सांगून येतं?"

ही आतून ओरडली, "अहो, त्याला काय सांगताय? ताईंना सरळ लिहा की!"

तर लिहितो. अर्धांगाचा झटका आल्यापासून अंघोळीला तुला धरावं लागतं, म्हणून तू अंघोळच टाळतेस, हे तुझ्या सुनेने सांगितलं. तक्रार नव्हती, रडत होती बिचारी. त्यांचं घर भाड्याचं, तिथे खिळाही ठोकता येत नाही. तू कधी कुणाकडे पेलाभर पाणी मागितलं नाहीस. दार लावून, एकटीने, हवा तितका वेळ अंघोळ करशील, एवढंच माझ्या डोक्यात आहे. इकडे राहायला ये. खोली रिकामीच आहे.

कट्टा डाव्या कोपऱ्यात की उजव्या, ते ठरेना. जोर असलेला हात भिंतीकडे हवा. भिंत पोकळ विटांची, धरून उठायला जो दांडा बसवायचाय त्याने तुझा भार पेलायला त्या जागी आत भरीव विटा घालायच्या आहेत. म्हणून ती उघडी ठेवलीय. मिस्त्री रोज विचारतो, बंद करू का? शेजारीही आता दार जरा उशिरानेच उघडतात.

तुझा कोणता हात चालतो, हे भाच्याला विचारता आलं असतं. मुद्दाम नाही विचारलं. तूच सांगितलंस तर तू येणार, असं मी धरून चालेन. 'नाही' म्हणायचं असेल तर म्हण, पण आधी हात लिही. लवकर लिही गं.

तुझा,
धाकटा