लांब धरलेला पेपर

८ नोव्हेंबर १९५५, सुवा, जपान
बारा भिंगं कारखान्यात परत आली! ओरखडे राहिले म्हणे. एकवीस वर्षं तपासतोय, शाळेचं तोंड न बघता शिकलो – ओरखडा असता तर मला दिसला नसता? मालक मोमोसे म्हणाले, शनिवारच्या मालातही राहिले तर शेवटची तपासणी ताकेईकडे. ताकेई! भिंग उजेडात कसं धरायचं हे त्याला मीच शिकवलं.
घरी बोललो नाही. मिसोच्या सारात मीठ जास्त होतं, तेही बोललो नाही. ही वही गादीखाली असते, तिलाच सांगतो.

९ नोव्हेंबर
सारात मीठ आज बेताचं. माझ्या नुसत्या चेहऱ्याचा धाक!
वहीचा कागद हलका निघाला. कालच्या पानाच्या कडेला राखाडी डाग.

१० नोव्हेंबर
पेपरवाले शाई वाचवतात. हात लांब करून वाचत होतो, तर फुसाए म्हणाली, "अहो, मी अंगणात धरून उभी राहू का?"
बायकोला शास्त्र समजावलं. भिंगाने खिडकी भिंतीवर उलटी उमटवून दाखवली. मधे जाड असलेलं भिंग किरणांना आत वळवतं. ते जिथे एकत्र येतात, तिथेच चित्र स्पष्ट. भिंग बोटभर सरकवलं की सगळं पुसट.
तिने शांतपणे विचारलं, "मग तुमच्या डोळ्यात काय सरकलंय?"
मी पेपरची घडी केली.
डोळ्यातलं भिंग ताठलंय. जवळच्या वस्तूचं चित्र पडद्याच्या मागे जातंय. दुकानातला चष्मा मात्र घालणार नाही – काचा मीच घासणार. सासऱ्यांची जुनी चौकट कुठे असेल?

११ नोव्हेंबर
चौकट कपाटात वरच होती, पुसलेली! नशीब म्हणायचं.
डाव्या काचेचा मध्य केसभर सरकला. पुन्हा घासली.

१२ नोव्हेंबर
चष्मा लावून गेलो. कुणी हसलं नाही; ताकेई खोकला फक्त. साठ भिंगांत तीन ओरखडे पकडले, त्यातले दोन त्याच्या नजरेतून सुटलेले. मालक म्हणाले, तपासणी तुमच्याकडेच.

१२ नोव्हेंबर, जेवणानंतर
चष्मा लावूनच वही उघडली. ते डाग नव्हेत. शिसपेन्सिलीची मुंगीएवढी अक्षरं, फुसाएची.
'मीठ कमी करते.' 'ताकेईवर रागावू नका, तो तुम्हाला मानतो.' 'बाबांची चौकट पुसून वर ठेवते.'
आणि आजच्या नोंदीखाली, शाई वाळते न वाळते तोच: 'आता दिसतंय ना, अहो?'